द्राक्षाच्या घडामागचा प्लॉट नंबर

युरोपीय संघात एखाद्या कीटकनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नसेल, तर त्याला एक सरसकट मर्यादा लागू होते: किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. नाशिकहून निघणाऱ्या द्राक्षांच्या एका कंटेनरमध्ये 13 टन माल धरला, तर अख्ख्या कंटेनरमध्ये मिळून ते औषध 130 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. चिमूटभर मीठसुद्धा याहून जास्त भरतं.

इतकं कमी औषध सापडतं तरी कसं? प्रयोगशाळेत द्राक्षं वाटून त्यांचा लगदा करतात. त्यात द्रावक मिसळून औषधांचे अंश ओढून घेतात आणि तो अर्क एका लांब, बारीक नळीतून सोडतात. प्रत्येक रसायन त्या नळीतून आपापल्या वेगाने बाहेर पडतं. पुढे यंत्र त्या रेणूंना विद्युतभार देतं, त्यांचं वस्तुमान मोजतं, मग त्यांचे तुकडे करून त्या तुकड्यांचंही वस्तुमान मोजतं. बाहेर पडायला लागलेला वेळ, मूळ रेणूचं वस्तुमान आणि तुकड्यांचं वस्तुमान या तीन खुणा जुळल्या की औषधाची ओळख पटते. या यंत्राला मास स्पेक्ट्रोमीटर म्हणतात. एकाच नमुन्यात शेकडो औषधं शोधण्याची त्याची क्षमता असते. दिंडोरी, निफाड, तासगावच्या बागायतदारांनी हे यंत्र क्वचितच पाहिलं असेल, पण त्यांच्या फवारणीचं वेळापत्रक आज त्याच्या नजरेच्या धाकाने ठरतं.

जागतिकीकरणाबद्दल आपण बोलतो ते बहुतेक आयटी कंपन्या, कॉल सेंटर आणि मोबाइलच्या संदर्भात. मला मात्र काम आणि व्यापार कसा बदलला हे द्राक्षबागेत जास्त स्पष्ट दिसतं, कारण तिथे त्या बदलाचं विज्ञान हाताला लागतं.

मुळात ही वेलच परदेशी आहे. थॉमसन सीडलेस हे नाव कॅलिफोर्नियातल्या विल्यम थॉमसन यांच्यावरून पडलं. 19व्या शतकात त्यांनी ही जात तिकडे लावली. त्याआधी ती इराण-तुर्कस्तानच्या पट्ट्यात सुलताना या नावाने पिकत होती. आपल्याकडे आल्यावर तिने इथलं रूप घेतलं. तास-ए-गणेश हा तिचाच तासगाव भागात सापडलेला बदल, आणि सोनाकाही याच कुळातली.

बिनबियांच्या द्राक्षाची एक अडचण असते. फळाचा मणी फुगवण्यासाठी लागणारं संप्रेरक मुख्यतः बियांमध्ये तयार होतं. बीच नाही म्हटल्यावर मणी लहान राहतो. ती कसर भरून काढायला बागायतदार घड ‘जीए’च्या द्रावणात बुडवतात. त्याला डिपिंग म्हणतात. जीए म्हणजे जिबरेलिक आम्ल. त्याचा शोध लागला तो भाताच्या एका रोगामुळे. या रोगात भाताची रोपं विलक्षण उंच वाढून कोलमडायची. ही करणी एका बुरशीने सोडलेल्या पदार्थाची आहे, हे एइइची कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने 1926 मध्ये दाखवून दिलं. भाताला आडवं करणारं रसायन द्राक्षाच्या मण्याला 18 मिलिमीटरपर्यंत नेतं, आणि तो 18 एमएमचा मणी युरोपच्या सुपरमार्केटला हवा असतो.

हंगामाचं गणितही असंच जमवलेलं आहे. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते आणि वसंतात फुटते. महाराष्ट्रात तेवढी थंडी नाही, म्हणून वेल झोपत नाही. तिला दोनदा छाटावं लागतं. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, तेव्हा काडी तयार होते आणि डोळ्यांत पुढच्या घडाची सूक्ष्म घडण सुरू होते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. तिच्यानंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. थंडीने जे काम केलं असतं ते इथे रसायन करतं. माल तयार होतो जानेवारी ते एप्रिलमध्ये. त्या काळात युरोपात स्वतःची द्राक्षं नसतात आणि इजिप्तचा माल मेच्या सुमाराला सुरू होतो. स्पर्धा असते ती दक्षिण गोलार्धातल्या चिली, पेरू, दक्षिण आफ्रिकेशी. आपली सगळी निर्यात या काही आठवड्यांच्या फटीत बसवलेली आहे. ऑक्टोबरच्या अवकाळी पावसाने छाटणी पुढे ढकलली, की ती फट अरुंद होते.

घड खुडल्यानंतर द्राक्ष पिकत नाही. आंबा, केळी काढल्यावर पिकतात, द्राक्षात तशी सोय नाही. त्यामुळे गोडी वेलीवरच तपासतात. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर रसाचा थेंब ठेवला की साखरेच्या प्रमाणात प्रकाश वाकतो आणि ब्रिक्सचा, म्हणजे गोडीचा, आकडा दिसतो. खुडा भल्या सकाळी होतो, कारण मण्यात साठलेली प्रत्येक अंश उष्णता पुढे बाहेर काढावी लागणार असते. तापमान दहा अंशांनी वाढलं की फळाचा श्वसनाचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो, म्हणजे त्याचं आयुष्य तेवढं झपाट्याने संपतं.

पॅकहाऊसमध्ये डोक्याला जाळी बांधलेल्या बायका टेबलांशी उभ्या असतात. डाव्या हातात देठाला धरलेला घड, उजव्या हातात लांब, निमुळत्या टोकाची कात्री. लहान मणी, तडकलेला मणी, पिचपिचीत वॉटरबेरी त्या घडाच्या आतून अलगद कापून काढतात, पण चांगल्या मण्याला बोट लागू देत नाहीत. मण्यावरची पांढुरकी पावडर म्हणजे वेलीनेच तयार केलेलं मेण असतं. ते मण्यातलं पाणी धरून ठेवतं, आणि बोटाचा ठसा उमटला की ग्राहकाला माल हाताळलेला वाटतो. या कामाला यंत्र मिळालेलं नाही. इतक्या सगळ्या उपकरणांच्या साखळीत सगळ्यात नाजूक निर्णय अजून या बायकांच्या डोळ्यांवर आणि बोटांवर सोडलेला आहे, आणि माझ्या मते त्याची किंमत मजुरीच्या दरात कुठेच दिसत नाही. बागेतलंही तसंच. पेठ, सुरगाण्याकडून येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या विरळणी, डिपिंग, खुडा एकरी उक्तं घेतात. कोणत्या घडात किती मणी ठेवायचे हे कौशल्य आहे, पण हिशेबात ते ‘अकुशल’ म्हणूनच धरलं जातं.

पुढचं काम थंडीचं. प्रीकूलिंगच्या खोलीत पंख्याने थंड हवा खोक्यांच्या भोकांतून जोराने ओढतात आणि काही तासांत फळाच्या गाभ्याचं तापमान खाली आणतात. साठवण मग शून्याच्या आसपास होते. साखरेमुळे द्राक्ष शून्याला गोठत नाही. पण थंडीने सगळं भागत नाही, कारण बोट्रायटिस नावाची करडी बुरशी शून्य अंशालाही वाढते. तिच्यासाठी खोक्यात सोडियम मेटाबायसल्फाइटचा कागद ठेवतात. ओलावा लागला की त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो. कागदाचा एक थर पहिल्या एक-दोन दिवसांत, दुसरा पुढचे कित्येक आठवडे हळूहळू. म्हणून प्रीकूलिंग आधी आणि कागद नंतर. फळ गरम असताना खोकं बंद केलं, तर आत पाण्याचे थेंब जमतात, वायू एकदम सुटतो आणि मणी देठाजवळ पांढरा पडतो. फळात या वायूचा अंश राहिला तर त्यालाही युरोपात मर्यादा आहे, किलोला 10 मिलिग्रॅम.

विजेवर चालणारं शीतयंत्र बसवलेला रिफर कंटेनर माल थंड करतो असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो थंड केलेला माल थंड ठेवतो, एवढंच. त्याच्या तळाच्या खाचांतून गार हवा वर चढते आणि छताजवळून परत जाते. माल गरम भरला तर ती यंत्रणा त्याला आवरू शकत नाही.

कंटेनर हा डबा मुळात साधा आहे. 26 एप्रिल 1956 रोजी अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनकडे निघालेल्या ‘आयडियल एक्स’ जहाजावर असे 58 डबे होते, आणि तिथून जगाच्या मालवाहतुकीची रीत बदलली. 1960 च्या दशकात डब्याची मापं जगभर एक झाली. मग ट्रक, क्रेन आणि जहाज यांच्यात माल उघडायची गरजच उरली नाही. मुंबईच्या गोद्यांत जिथे गोदी कामगारांच्या टोळ्या एकेक पोतं उचलत, तिथलं काम 1989 मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदरात क्रेनच्या केबिनमध्ये बसलेल्या एका माणसाकडे गेलं. त्याची किंमत शहराने रोजगारात मोजली. पण तो डबा नसता, तर मण्याच्या देठाची हिरवाई टिकवत नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरापर्यंत जाणं कुणाला परवडलं नसतं, हेही तितकंच खरं.

सुएझमार्गे हा प्रवास साधारण तीन-साडेतीन आठवड्यांचा. मार्च 2021 मध्ये ‘एव्हर गिव्हन’ जहाज कालव्यात आडवं अडकलं आणि सहा दिवस वाहतूक थांबली, तेव्हा आपला हंगाम ऐन भरात होता. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक कंपन्यांनी आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालायला सुरुवात केली. त्यात दहा-पंधरा दिवस वाढले. पोलादाला त्याने फार फरक पडत नाही. द्राक्षाचा देठ मात्र तेवढ्या दिवसांत तपकिरी पडतो आणि दुकानातले विक्रीचे दिवस कमी होतात. येमेनच्या किनाऱ्यावरच्या घटनेचा पिंपळगावातल्या दरावर परिणाम होतो, हे आता शेतकऱ्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

पण मला सगळ्यात मोठा बदल वाटतो तो जबाबदारीचा. 2003 मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत मिथोमिल आणि अ‍ॅसिफेट या कीटकनाशकांचे अंश सापडले. त्यानंतर उर्वरित अंशांच्या तपासणीची देशव्यापी योजना आली. 2006 च्या सुमारास अपेडाने, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीसाठीच्या केंद्र सरकारच्या संस्थेने, ग्रेपनेट ही संगणकीय व्यवस्था उभी केली. तिच्यात बागेची नोंद होते, प्लॉटला नंबर मिळतो, नमुना प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन घेतो आणि अहवाल आल्याशिवाय माल पुढे सरकत नाही. खोक्यावरच्या सांकेतिक नंबरावरून मागे मागे जात थेट शेतकऱ्याच्या प्लॉटपर्यंत पोहोचता येतं. मांजरी इथलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या तपासणीचं शास्त्रीय केंद्र आहे. ही व्यवस्था उत्तम आहे, आणि एवढ्या लहान लहान बागांच्या देशात ती उभी राहिली याचा मला अभिमान वाटतो.

तरी 2010 मध्ये घात झालाच. क्लोरमेक्वाट क्लोराइड, बागायतदारांच्या तोंडी सीसीसी, खरड छाटणीनंतर काडीची वाढ रोखून घडनिर्मिती वाढावी म्हणून वापरलं जायचं. ते कीटकनाशक नाही, वाढ रोखणारं रसायन आहे, आणि आपल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं. युरोपने तपासलं तेव्हा ते किलोला 0.05 मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. कंटेनर अडकले. फवारणी तर कित्येक महिन्यांपूर्वीची होती! पुढे कळलं की हे रसायन वेलीच्या लाकडात मुरून राहतं आणि नंतरच्या हंगामातही फळात उतरतं. ज्याने नियमाप्रमाणे तपासणी करून माल दिला त्याचाही तोटा झाला, कारण यादी करणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेल्या गोष्टीचा भार शेवटी बागेवर येऊन पडला.

माहितीची ही वाट एकाच दिशेने चालते, हे मला खटकतं. प्लॉटमध्ये कोणतं औषध कधी मारलं, ते खरेदीदाराला कळतं. कंटेनरमध्ये ठेवलेला तापमानाची नोंद करणारा लहानसा लॉगर रॉटरडॅमला उघडतात, आणि त्यातून वाटेत गारवा कुठे तुटला ते तास-मिनिटांनिशी दिसतं. ती फाइल निर्यातदाराकडे आणि आयातदाराकडे जाते. माल खराब निघाला म्हणून दर कापला, तर तो कापलेला दर मात्र शेतकऱ्याकडे येतो, सोबत फाइल येत नाही. चूक बागेत झाली, पॅकहाऊसमध्ये झाली, बंदरात प्लग काढून ठेवल्याने झाली की जहाजावर, हे त्याला तपासताच येत नाही. कपातीचं कारण त्याला फोनवर तोंडी कळतं.

हे बदलायला नवं तंत्रज्ञान लागत नाही. ग्रेपनेटमध्ये प्लॉट नंबर आहेच, लॉगरला स्वतःचा क्रमांक असतो, कंटेनरलाही असतो. हे तीन क्रमांक एका ओळीत जोडले आणि ती ओळ शेतकऱ्याच्या मोबाइलवर उघडली, तर कपातीबद्दल त्याला पुराव्यानिशी बोलता येईल. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्ससारख्या शेतकऱ्यांच्या कंपन्या खुड्यापासून निर्यातीपर्यंतची साखळी आपल्याच हातात ठेवतात, तिथे असं करणं सोपं आहे. शिवारावर येऊन माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याला विकणाऱ्यांची संख्या मात्र मोठी आहे. त्यांच्यासाठी ही जोडणी कराराच्या अटीतच लिहावी लागेल, आणि ती अट घालण्याची वेळ गोडी छाटणीच्या आधीची आहे, खुड्याच्या दिवसाची नव्हे.