पदवी, अनुभव आणि दाखला : सातारा-सांगलीच्या नोकऱ्यांची पार्श्वभूमी

सरकारी नोकरीत इंग्रजी शिक्षण झालेल्यांना आधी घ्यावे, असा ठराव गव्हर्नर जनरल हार्डिंग यांनी ऑक्टोबर १८४४ मध्ये काढला. शिक्षणाचा कागद आणि नोकरी यांची आपल्याकडची गाठ तिथपासून धरावी लागते. सातारचे राज्य त्या वेळी अजून छत्रपतींकडे होते. ते १८४८ मध्ये खालसा झाले. सांगली संस्थान तर १९४८ पर्यंत टिकले. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघाले, पण कृष्णाकाठच्या माणसाला पदवी पुढची कितीतरी वर्षे परकीच होती. इथली खरी शिडी होती ती मराठी सातवीची, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलची. ‘फायनल पास’ झालेला शाळेत मास्तर होई किंवा कचेरीत कारकून.

त्या शिडीची पहिली पायरी चढायला लोक काय करत, याचे एक उदाहरण साताऱ्याचेच आहे. धोंडो केशव कर्वे, म्हणजे पुढचे महर्षी कर्वे, १८७५ मध्ये पब्लिक सर्व्हिस परीक्षेसाठी कोकणातल्या मुरुडहून सह्याद्री ओलांडून साताऱ्याला चालत आले. वयाची १७ वर्षे पुरी असण्याची अट होती. ती त्यांची झाली होती, पण अंगाने किरकोळ दिसतात म्हणून परीक्षेला बसू दिले नाही. काय येते ते विचारण्याआधीच मुलगा परत पाठवला गेला. नोकरीसाठी माणूस मोजण्याच्या आपल्या पद्धतीतला हा दोष फार जुना आहे.

याच्या उलट टोकाला कारखाना होता. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंगांधळेपणामुळे चित्रकला सोडून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि मुंबईच्याच व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवू लागले. तिथे बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावला आले. इंजिनिअरिंगची पदवी त्यांच्याकडे नव्हती. १९१० मध्ये औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर, कुंडल रोड स्टेशनजवळ, किर्लोस्करवाडी उभी राहिली. सुरुवातीची माणसे हात बघून घेतलेली होती. लोहार, सुतार, ओतारी अशा घरांतून आलेले किंवा शाळा अर्ध्यावर सोडलेले लोक तिथे नांगर आणि पंप ओतायला शिकले. पण त्याच घरातले शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकले आणि १९२६ मध्ये यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन परत वाडीला आले. पदवी आणि अनुभव एका छपराखाली आले, आणि पुढे डिझेल इंजिनापर्यंत मजल गेली. या भागात दोघांची जोडी जमते याचा हा पहिला ठळक दाखला म्हणता येईल.

नांगराच्याच धंद्यातून कर्मवीर भाऊराव पाटील पुढे आले. ते स्वतः मॅट्रिक नव्हते. नांगर विकण्याचे काम त्यांनी किर्लोस्करांसाठी केले, नंतर सातारा रोडच्या कूपरांसाठी केले. गावोगाव फिरताना शेतकऱ्याचे पोर शाळेपर्यंत का पोचत नाही हे त्यांनी जवळून पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. संस्थेचे ब्रीद ‘स्वावलंबी शिक्षण’. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. मुले शेतात, बांधकामावर राबत आणि त्या मजुरीतून वसतिगृहाचा खर्च भागवत. कामाने शिक्षण कमी होत नाही हे त्या मुलांच्या अंगात मुरले. त्या कामाला मार्कशीटवर मात्र रकाना नव्हता. वीटकाम, विहीर, मळा या कशाचेही श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, धरले गेले नाहीत. १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने मॅट्रिक न झालेल्या कर्मवीरांना डी. लिट. दिली. त्यांच्या कामाला विद्यापीठाचा कागद मिळाला, पण तो आयुष्याच्या अगदी अखेरीस. ९ मे १९५९ रोजी ते गेले.

पदवी जवळ येत गेली ती टप्प्याटप्प्याने. सांगलीचे विलिंग्डन कॉलेज १९१९ चे. धोंडूमामा साठ्यांचे न्यू इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ चे. १९५५ मध्ये त्याचे नाव वालचंद कॉलेज झाले. कऱ्हाडचे सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६० चे. शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये कोल्हापुरात आले आणि पदवीच्या कामासाठी पुण्याची वारी करायची गरज संपली. दुसऱ्या बाजूने देशात १९५० पासून आयटीआयची कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली होती. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा तिला कारखान्याशी जोडणारा दुवा ठरला. अनुभवाला सरकारी शिक्का देणारा हा पहिला देशव्यापी कायदा. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी आणि पदविकावालेही त्यात आले.

सगळ्यात मोठा फरक पडला १९८३ मध्ये. मुख्यमंत्री होते सांगलीचे वसंतदादा पाटील. त्यांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्याच वर्षी इस्लामपूरजवळ राजारामबापूंच्या नावाचे कॉलेज सुरू झाले. साखर कारखान्याच्या परिसरात डिग्रीचे शिक्षण आले आणि ऊसवाल्याच्या पोराला इंजिनिअर होण्यासाठी पुण्या-मुंबईला जावे लागेना. हे मोठे काम होते, यात शंका नाही. पण जागा वाढल्या तेवढ्या वेगाने कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत त्या पदांची कामे वाढली नाहीत. डिप्लोमाच्या जागेवर बी.ई. अर्ज करू लागले, आयटीआयच्या जागेवर डिप्लोमावाले. मालकालाही गर्दी चाळायला सोपी चाळणी हवी होती, म्हणून ज्या कामाला पदवी लागत नव्हती तिथेही ती जाहिरातीत शिरली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवी आणि नोकरी यांची काही निवडक क्षेत्रांत फारकत करायची, असे स्पष्ट लिहिले होते. ते कागदावरच राहिले. सरकारी भरतीत ‘कोणत्याही शाखेची पदवी’ ही अट उलट अधिक पक्की झाली.

कारखाना पदवीवाल्याकडून नेमके काय घेतो आणि अनुभवी माणसाकडून काय, हे फाउंड्रीत नीट दिसते. साच्याच्या वाळूत, म्हणजे बेंटोनाइट ही चिकणमाती आणि कोळशाची भुकटी मिसळलेल्या ओल्या वाळूत, पाणी साधारण ३ ते ४ टक्के लागते. २० वर्षे साचे भरलेला मोल्डर मूठभर वाळू दाबतो, गोळा दोन बोटांत मोडतो आणि कडा बघतो. कड सरळ तुटली तर वाळू बरी. तळव्याला चिकटली तर पाणी जास्त. पाणी जास्त झाले की ओततानाच्या उष्णतेने वाफ होते, ती वाळूतून बाहेर पडू शकली नाही की कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूची पोकळी, राहते. मोल्डरला हे हातातून कळते, यंत्र लावण्याआधी. पण महिनाभराने खरेदीदार २०० नग परत पाठवतो आणि दोषाचे मूळ कारण लेखी मागतो, तेव्हा मुठीचा अंदाज उपयोगी पडत नाही. त्या दिवसाच्या वाळूची ओल, परमिअॅबिलिटी (वाळूतून वायू किती सहज जातो ते), बॅच नंबर, ओतण्याचे तापमान हे सगळे लिहून, जुळवून दाखवावे लागते. सुपरवायझरच्या जागेवर डिप्लोमा किंवा डिग्री मागतात ती मुख्यतः या लेखणीसाठी. ज्या मोल्डरने रोजची ओल वहीत लिहायची सवय लावली, तो ती जागा पदवीशिवायही मिळवतो. अशी माणसे दोन्ही जिल्ह्यांत आहेत, आणि मालक त्यांना सहजासहजी सोडत नाहीत.

इथे एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. ‘आयएसओमुळे पदवी लागते’ असे मालक सांगतात. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या ७.२ या कलमात माणसाची पात्रता शिक्षण, प्रशिक्षण किंवा अनुभव यावर ठरवा, असे आहे. ‘किंवा’ हा शब्द महत्त्वाचा. मात्र त्या पात्रतेचा पुरावा जपून ठेवा, असेही तेच कलम सांगते. म्हणून शॉपमध्ये स्किल मॅट्रिक्सचा, म्हणजे कोणाला कोणते काम किती येते त्याचा, तक्ता लागतो. शिकतो आहे, देखरेखीखाली करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवू शकतो, अशा चार पायऱ्या. ऑपरेटरने नोकरी सोडताना या तक्त्यातली आपली पायरी दाखल्यात लिहून मागावी. फार थोडे जण मागतात.

विटा-खानापूर-आटपाडीच्या गलाईवाल्यांची गोष्ट निराळी. दुष्काळी गावांतली मुले दुकानात मालकाच्या हाताखाली राहून सोने-चांदी गाळायला शिकतात आणि देशभर पसरतात. सोन्यातून चांदी अॅसिडने काढायची तर आधी सोन्याच्या साधारण तिप्पट चांदी मिसळून वितळवावी लागते, नाहीतर नायट्रिक अॅसिड आतल्या चांदीपर्यंत पोचतच नाही. हे ज्ञान पक्के आहे, पण १० वर्षे हे काम केलेल्या मुलाकडे हजेरी, पगारपत्रक, पीएफ यांपैकी काहीच नसते. धंदा बंद पडून तो गावी परतला की नोकरीच्या अर्जावर त्याची ती वर्षे कोरी दिसतात. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेत आधी शिकलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. त्याच्यासारख्यासाठीच ती आहे, आणि तिच्याबद्दल तालुक्याच्या पातळीवर आणखी बोलले गेले पाहिजे.

सरकारी भरतीत अनुभव मागितलेला असतो तेव्हा चुकतात ते बहुधा ठरलेल्या जागीच. पुष्कळ जाहिरातींत पात्रता मिळाल्यानंतरचाच अनुभव धरतात. ७ वर्षे कारखान्यात काढून मग यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्याची आधीची ७ वर्षे अशा जागेसाठी शून्य होतात. अंशकालीन, मानसेवी किंवा तासिका तत्त्वावरचे काम लोकसेवा आयोग सहसा अनुभव म्हणून धरत नाही. कॉलेजात वर्षानुवर्षे तासिकेवर शिकवणाऱ्यांना याचा सगळ्यात मोठा फटका बसतो, आणि तो अन्याय आहे. अर्ज भरण्याआधी जाहिरातीतली ‘अनुभव’ या शब्दापुढची सगळी ओळ वाचावी, कारण त्या ओळीतच हे लिहिलेले असते.

अप्रेंटिसशिपमध्येही असेच होते. २०१९ च्या नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे आहेत. त्या नियमांत किमान विद्यावेतन दहावी झालेल्याला ६,०००, आयटीआयवाल्याला ७,०००, डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला ९,००० रुपये ठरले. पण कित्येक ठिकाणी मुलाला स्वतःच्या लेटरहेडवर ‘ट्रेनी’ म्हणून ठेवतात. करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवलेला नसेल तर वर्ष संपल्यावर परीक्षा नाही आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्रही नाही. म्हणून रुजू होताना करार क्रमांक मागावा. आधार आणि मार्कशीटवरचे नाव अक्षर न अक्षर जुळते का ते त्याच दिवशी बघावे. आडनावाच्या स्पेलिंगमधल्या एका अक्षरासाठी प्रमाणपत्र अडकल्याची उदाहरणे कमी नाहीत. पदवी-पदविकावाल्यांची नोंद वेगळ्या पोर्टलवर होते, ती मुंबईच्या पश्चिम विभागीय अप्रेंटिसशिप मंडळामार्फत.

गेल्या काही वर्षांत दोन गोष्टी बदलल्या. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने वर्षाला १,२०० तास आणि ४० श्रेयांक धरले, आणि संबंधित कामाच्या अनुभवाला जास्तीत जास्त दुपटीपर्यंत भार देण्याची वाट खुली केली. पदवीच्या अभ्यासक्रमातही आता प्रत्यक्ष कामाचे श्रेयांक आले आहेत. साताऱ्यात २०२१ पासून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ आहे आणि छत्रपती शिवाजी कॉलेज त्याचाच भाग आहे. १९४७ मध्ये ज्या कामाला रकाना नव्हता त्याला तो द्यायचा तर पहिला मान या कॉलेजचा आहे. दुसरी गोष्ट मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, २०२४ ची. बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये महिना, मुदत ६ महिने, पुढे ती ११ महिन्यांपर्यंत वाढवली. पैसे मिळाले, पण कामाचे स्वरूप न लिहिलेले प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेल्या मुलाला पुढच्या मुलाखतीत सांगण्यासारखे थोडेच उरते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे. ते घेतलेच पाहिजे. ठेकेदाराकडे काम असेल तर पीएफच्या पासबुकात ठेकेदाराचेच नाव येते, मूळ कंपनीचे येत नाही. म्हणून कोणत्या कंपनीच्या कोणत्या विभागात काम केले ते ठेकेदाराकडून वेगळे लिहून घ्यावे. सोडल्यावर पीएफच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख चढली का तेही बघावे. ती चढली नाही तर पुढच्या मालकाकडे खाते जोडताना अडते. आणि अनुभवाच्या दाखल्यात ‘समाधानकारक काम केले’ एवढेच लिहून घेऊ नये. रुजू आणि सोडल्याची तारीख, पद, पूर्णवेळ की नाही, शेवटचा पगार, कोणती मशीन चालवली, ड्रॉइंग वाचून सेटिंग स्वतः करत होता की फक्त नग लावत होता, मोजमाप किती बारकाव्याचे होते, आणि सही करणाऱ्याचे नाव, हुद्दा, शिक्का. व्हीएमसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, तीन वर्षे काढलेल्या मुलाच्या दाखल्यात ‘मायक्रोमीटरने ०.०१ मिमीपर्यंत तपासणी, सेटिंग स्वतंत्रपणे’ अशी एक ओळ असली, तर शिरवळचा किंवा कुपवाडचा प्रॉडक्शन मॅनेजर त्याला मशीनपाशी नेऊन ती ओळ खरी आहे का ते लगेच बघू शकतो.