द्राक्ष व्यापाऱ्याची खातरजमा

बागेत माल पाहायला आलेला खरेदीदार खरोखर व्यापारी आहे का, ज्या पेढीचे नाव सांगतो तिचाच माणूस आहे का आणि पैसे चुकते करण्याइतकी त्याची पत आहे का, हे सौदा पक्का होण्याआधी तपासून घेणे म्हणजे व्यापाऱ्याची खातरजमा. ही गरज कोणत्याही धंद्यात असतेच. पण नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी व निफाड आणि सांगली जिल्ह्यातील तासगाव व पलूस या द्राक्षपट्ट्यांत ती सर्वांत तीव्र आहे. इथला बराच माल बाजार समितीच्या आवारात जातच नाही. तो शिवारातच, वेलीवर असताना विकला जातो.

कांदा चाळीत थांबतो, द्राक्ष थांबत नाही. मण्यांत गोडी उतरली की काही दिवसांत काढणी उरकावी लागते आणि तेवढ्यात अवकाळी पावसाची एक सर आली तरी मणी तडकतात. कृषी सेवा केंद्रातली औषधांची उधारी आणि सोसायटीचे पीककर्ज डोक्यावर असते. एकरातून दहा टन माल निघाला आणि किलोला 40 रुपये ठरले, तर व्यवहार चार लाखांचा होतो. अशा वेळी शेजाऱ्यापेक्षा दोन रुपये जास्त सांगणारा माणूस बांधावर उभा असेल तर त्याची चौकशी करायला उसंत मिळत नाही. फसवणूक करणारा नेमक्या याच घाईवर जगतो.

त्याची रीतही ठरलेली असते. हंगामाच्या तोंडावर तो गावाजवळ गाळा किंवा खोली भाड्याने घेतो, ओळखीचा एखादा स्थानिक दलाल धरतो आणि पहिल्या दोन-तीन गाड्यांचे पैसे रोख, काट्यावरच मोजून देतो. गावात नाव होते. मग ‘आठ दिवसांत देतो’ सुरू होते, थोडी रक्कम टाकून मोठी बाकी मागे ठेवली जाते, पुढच्या तारखेचे चेक हातात पडतात. हंगाम सरता सरता गाळ्याला कुलूप लागते आणि मोबाईल बंद होतो. व्यापारी परराज्यातला म्हणजे लबाड आणि जवळचा म्हणजे खात्रीचा, हा समज चुकीचा आहे. परराज्यांतले अनेक खरेदीदार वर्षानुवर्षे चोख हिशेब देतात आणि फसवणुकीत स्थानिक माणसाचा हात असू शकतो.

कायद्याची चौकटही बदलत गेली. महाराष्ट्रात 2016 मध्ये फळे व भाजीपाला नियमनमुक्त झाला. त्यामुळे आवाराबाहेर खरेदी करणाऱ्याला बाजार समितीच्या परवान्याची सक्ती उरली नाही. शेतकऱ्याला विक्रीची मोकळीक मिळाली, पण परवान्यासोबत येणारी नोंद आणि दाद मागायची जवळची जागा गेली. केंद्राच्या 2020 च्या कृषी व्यापार कायद्यात तर पॅन कार्ड एवढ्यावर कोणालाही शेतमाल खरेदी करता येणार होता. तो कायदा 2021 मध्ये रद्द झाला. पॅन म्हणजे पत असल्याचा पुरावा नव्हे, हा त्यावरचा आक्षेप रास्त होता.

व्यापारी दाखवतो त्या कागदांत जीएसटी क्रमांक सर्वांत बोलका. त्यात 15 अक्षरे-अंक असतात. पहिले दोन राज्याचे : महाराष्ट्र 27, गोवा 30, दिल्ली 07. पुढची दहा अक्षरे म्हणजे धारकाचा पॅन. या पॅनमधले चौथे अक्षर, म्हणजे जीएसटी क्रमांकातले सहावे, धारकाचा प्रकार सांगते : ‘पी’ असेल तर व्यक्ती, ‘एफ’ असेल तर भागीदारी पेढी, ‘सी’ असेल तर कंपनी. ‘आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे’ म्हणणाऱ्याच्या क्रमांकात तिथे ‘पी’ निघाला, तर बोलणे आणि कागद जुळत नाहीत. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे फुकटात कळते. ‘वीस वर्षांची पेढी’ म्हणणाऱ्याची नोंदणी गेल्या महिन्यातली असेल तर कारण विचारलेच पाहिजे.

मात्र द्राक्षाच्या बाबतीत एक मेख आहे. ताजी फळे जीएसटीतून मुक्त आहेत आणि केवळ करमुक्त मालाचा व्यापार करणाऱ्याला नोंदणीच लागत नाही. त्यामुळे क्रमांक नाही म्हणून कोणी भामटा ठरत नाही. उलट, खऱ्या पेढीचा क्रमांक भलत्याच माणसाने आपल्या कार्डावर छापलेला असू शकतो. लघुउद्योगांना मिळणाऱ्या उद्यम प्रमाणपत्रावरही फार विसंबू नये, कारण ती नोंदणी धारकाच्या स्वतःच्या घोषणेवर होते. निर्यातदार असल्याचे सांगणाऱ्याकडे परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात क्रमांक हवा. आता पॅन हाच तो क्रमांक असतो. शेतमाल निर्यातीचे काम पाहणाऱ्या ‘अपेडा’ या केंद्रीय संस्थेची नोंदणीही विचारावी.

खरी कसोटी लागते ती नावे एकमेकांशी जुळवताना. आधारवरचे नाव, पेढीचे नाव आणि चेकवर छापलेले खातेदाराचे नाव एका ओळीत बसायला हवे. पावती एका पेढीची, चेक दुसऱ्याच्या खात्याचा आणि इसार तिसऱ्याच्या मोबाईलवरून आला, तर उद्या देणेकरी कोण, हेच ठरत नाही. चेकबुकातला पहिला-दुसरा चेक हाती आला, तर खाते नुकतेच उघडले असण्याची शक्यता असते. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरली जाणारी तपासणी म्हणजे एक फोन : तो वाशी किंवा दिल्लीच्या आझादपूर बाजारात गाळा असल्याचे सांगत असेल, तर त्याच बाजारातल्या दुसऱ्या अडत्याला विचारणे. नंबर मात्र आपण स्वतः मिळवलेला हवा. कार्डावरचा नंबर त्याच्याच माणसाकडे लागतो.

पत्त्याचे महत्त्व पैसे बुडाल्यावर कळते. चेक वटला नाही, तर परक्राम्य संलेख अधिनियम, 1881 च्या कलम 138 प्रमाणे बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यावर पैसे भरायला 15 दिवसांची मुदत असते आणि त्यानंतर एका महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. नोटीस पाठवायला पत्ता हवा. फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली, म्हणजे पूर्वीच्या 420 खाली, नोंदवता येतो. तिथेही पूर्ण नाव विचारले जाते. ज्याचा नंबर मोबाईलमध्ये नुसता ‘शेठ’ म्हणून जपलेला असतो, त्याचा शोध घेणे कठीण जाते. नाशिक परिक्षेत्रात 2020-21 मध्ये पोलिसांनी अशा थकबाकीच्या तक्रारींसाठी खास मोहीम उघडली होती आणि काही शेतकऱ्यांचे पैसे परतही मिळाले.

म्हणून पहिली गाडी भरण्याआधी साधी सौदा पावती करतात. तिच्यावर व्यापाऱ्याचे पूर्ण नाव, मूळ गावचा पत्ता, दर किलोचा की चार किलोच्या पेटीचा, वजन कोणत्या काट्यावर, पैसे कोणत्या तारखेला आणि दोन साक्षीदारांच्या सह्या असतात. दलालाची सही साक्षीदार म्हणून न घेता जामीन म्हणून घ्यावी. साक्षीदार फक्त सौदा झाल्याचे सांगतो; जामीन राहिलेल्याकडे बाकी मागता येते.