पत्रा, हात आणि ग्लोव्हजवरचा '5'

पत्रा हात कापतो हे कुणाला सांगायला नको. पण त्यासाठी हातात काय घालायचं आणि घेताना कुठला आकडा बघायचा, हा घोळ तसा अलीकडचा आहे आणि तो कुठून आला ते कळलं की खरेदीवाले आणि शॉप फ्लोअरवाले यांची अर्धी भांडणं का होतात तेही कळतं.

जुनं थोडक्यात उरकतो. आधी पत्रे लालभडक असतानाच चिमट्याने धरून, दुमडून, एकावर एक ठेवून लाटायचे, तेव्हा मोठी भीती भाजण्याची. 1920च्या दशकात अमेरिकेत सलग पट्टी लाटणाऱ्या मिल आल्या, पुढे पत्रा कॉइलमध्ये, म्हणजे मोठ्या गुंडाळीत यायला लागला आणि नवीन दुखणी आली, जसं की कॉइलची स्ट्रॅप, म्हणजे बांधलेली पट्टी कापली की सुटलेलं टोक उसळून अंगावर येतं.

तर हात. बरीच वर्षं ग्लोव्हज म्हणजे चामड्याचे नाहीतर जाड कापडाचे. चामडं घासण्याला टिकतं, उष्णतेला टिकतं, पण धारेला फारसं टिकत नाही. 1mm जाडीचा 2500 बाय 1250mm चा स्टीलचा पत्रा साधारण साडेचोवीस किलोचा होतो, दोघांनी उचलला आणि एकाच्या हातून निसटला की दुसरा नकळत मूठ आवळतो आणि पत्रा त्या मुठीतून सरकतो. त्यात शिअरिंगची, म्हणजे पत्रा कापायच्या मशीनची ब्लेड बोथट झालेली असेल किंवा दोन ब्लेडमधला गॅप चुकीचा असेल तर कडेला बर, म्हणजे कापताना उरलेली खरखरीत टोकं मोठी येतात, करवतच म्हणा ना. इथे चामडं कितीसं पुरणार. 1965 मध्ये एका अमेरिकन लॅबमध्ये केवलार या अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याचा शोध लागला आणि मग हळूहळू विणलेले कट रेझिस्टंट ग्लोव्हज आले.

माल आला की मोजमाप आलंच. 1994 मध्ये युरोपात ईएन 388 हे ग्लोव्हज तपासायचं मानक आलं, ग्लोव्हजवर ढालीचं चित्र आणि खाली चार आकडे: घासणं, कापणं, फाटणं, टोचणं. यातला दुसरा आकडा 1 ते 5, आणि 'लेव्हल 5 द्या' हे जे सगळे म्हणतात ते इथलं. आता हा 5 मोजायचा कसा, तर एक गोल ब्लेड 5 न्यूटनच्या (न्यूटन म्हणजे जोराचं माप, साधारण 100 ग्रॅम वजनाएवढं) दाबाखाली फिरत फिरत कापडावर पुढे-मागे जाते आणि सुती कापडाच्या तुलनेत हे कापड कापायला किती फेऱ्या लागल्या ते बघतात. गंमत अशी की ग्लोव्हजच्या धाग्यात काचेचा किंवा स्टीलचा धागा घातला की ब्लेडच बोथट होते, फेऱ्या वाढतात आणि आकडा फुगतो. म्हणजे मार्क कशाचे, कापड न कापल्याचे की ब्लेड बिघडवल्याचे? पत्र्याची कड काही तशी बोथट होऊन थांबत नाही, एकदाच सरकते आणि काम करून जाते.

यावर बरीच वर्षं कुरबूर चालली आणि 2016 मध्ये दुरुस्ती आली. सरळ ब्लेड, दर वेळी नवी धार, 20mm सरकण्यात आरपार जायला किती जोर लागतो ते न्यूटनमध्ये मोजायचं आणि A ते F अक्षर द्यायचं, A म्हणजे 2 न्यूटन, F म्हणजे 30. जुन्या चाचणीत ब्लेड बोथट झाली तर हे अक्षरच मुख्य धरायचं. आणि मग काय, जुना 5 मिरवणारे ग्लोव्हज नव्या मोजणीत कुणी B, कुणी C, कुणी E निघाले! त्याच वर्षी अमेरिकेने कापण्यासाठी आपली A1 ते A9 ही वेगळी श्रेणी काढली, तीही ग्रॅममध्ये, 200 पासून 6000 पर्यंत. तिथला A5 म्हणजे 2200 ग्रॅम, म्हणजे साधारण युरोपचा E. 'A' आणि '5' दोन्हीकडे आहेत आणि अर्थ दोन्हीकडे वेगळे, त्यामुळे ऑर्डरमध्ये नुसतं 'लेव्हल 5' लिहिलं की काय येईल याचा नेम नाही. माझं मत विचाराल तर 2016 लाच जुना आकडा पूर्ण बंद करायला हवा होता, दोन्ही एकाच ढालीखाली छापून गोंधळ वाढवला. आणि हो, चाचणीचा तुकडा तळहाताचा असतो, मनगट त्यात येतच नाही, आणि कॉइलच्या कडेवर मनगट लागतंच.

अजून एक. हे धागे तुटत नाहीत हाच त्यांचा गुण, पण ड्रिलच्या बिटात किंवा पत्रा वळवायच्या रोलमध्ये ग्लोव्हजचं टोक सापडलं तर चिंधी फाटून हात सुटण्याऐवजी धागा बोटासकट आत ओढतो. ढालीखालच्या आकड्यात आणि अक्षरात याला कुठेच जागा नाही.