साक्यावरची निवळ बिअर: घरगुती किण्वनातील सायफनची पार्श्वभूमी

पुण्याच्या पेठांतील वाड्यांत ज्यांनी रेशनच्या रॉकेलचे दिवस काढले, त्यांना सायफन हा शब्द ठाऊक नसला तरी ती क्रिया पक्की ठाऊक असते. डब्यात रबरी नळी सोडायची, दुसरे टोक तोंडाने ओढायचे आणि रॉकेल जिभेला लागण्याआधी ते टोक खालच्या बाटलीत घालायचे, हा प्रकार बहुतेकांनी केलेला किंवा निदान पाहिलेला असतो. घरी बिअर करण्याचा छंद जगात जिथे जिथे रुजला, तिथे एका किण्वनपात्रातून दुसऱ्यात बिअर घेण्यासाठी दीर्घकाळ हीच युक्ती वापरली गेली. साधन तेच राहिले. ते वापरण्यामागचे कारण मात्र गेल्या काही दशकांत जवळजवळ उलटे झाले आहे.

मूळ कारण साक्याचे. किण्वन संपत आले की यीस्ट आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) व माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) यांमधील प्रथिनांचा चोथा तळाशी बसतो. शाळेत चुन्याची निवळी जशी वरच्यावर काढून घेतात, तशी येथे बिअर काढून घ्यायची असते. फरक इतकाच, की भांडे साधारण १९ लिटरचे, म्हणजे अमेरिकी मापाने पाच गॅलनचे असते. ते तिरके करून ओतू गेल्यास साका ढवळला जातो आणि बिअरमध्ये हवाही मिसळते. त्यात अनेक वर्षे प्रचलित असलेल्या काचेच्या मोठ्या बरणीला, कार्बॉयला, तोटी नसते आणि तिचे तोंड अरुंद असते. (कार्बॉय हा शब्द फारसीतील ‘कराबा’, म्हणजे मोठा शिसा, यावरून आला आहे. अशा बरण्या आम्ले आणि पिण्याचे पाणी साठवण्यासाठी बनत, आणि घरी बिअर करणाऱ्यांनी त्या उसन्या घेतल्या.) तोटी नसलेल्या भांड्यातून वरच्या वर द्रव काढायचा, तर सायफनखेरीज सोपा मार्ग उरत नाही.

ही युक्ती फार जुनी आहे. मोठ्या रांजणांतून द्रव काढण्यासाठी वाकड्या नळ्या वापरल्याची चित्रे इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी सुमारे १५०० इतक्या मागे जातात, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरोनने सायफनवर सविस्तर लिहिले. आपल्याकडे याच तत्त्वावरचे वसुदेवाचे पात्र प्रसिद्ध आहे. पाणी वाढत वाढत बाळकृष्णाच्या पायाला लागले की सगळेच्या सगळे खाली निघून जाते, कारण मूर्तीच्या आत एक वाकडी नळी दडवलेली असते. यमुनेच्या कथेला इतके चपखल बसणारे दुसरे भौतिकशास्त्र क्वचितच सापडेल.

ही क्रिया नेमकी कशाने चालते, याबाबत मात्र जाणकारांचाही घोटाळा झालेला आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशात १९११ पासून सायफनचे श्रेय वातावरणाच्या दाबाला दिलेले होते, आणि ऑस्ट्रेलियातील भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन ह्यूज यांनी २०१० मध्ये ती चूक निदर्शनास आणली. नळीच्या लांब बाजूतील द्रव गुरुत्वाकर्षणाने खाली ओढला जातो, म्हणून प्रवाह चालू राहतो. नेहमीच्या वापरात वातावरणाचा दाब नळीतील द्रवस्तंभ तुटू देत नाही, आणि त्यामुळेच पाण्याच्या सायफनला सुमारे १० मीटर उंचीची मर्यादा पडते. बिअरला ही मर्यादा कधीच गाठावी लागत नाही, परंतु तिची अडचण निराळी असते. नळीच्या वरच्या वळणावर दाब सर्वांत कमी असल्याने बिअरमध्ये विरघळलेला कार्बन डायऑक्साइड तेथे बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो आणि साचला की धार तोडतो. बंद वाटेत हवा अडकली की प्रवाह बिघडतो, हे कात्रजहून शहरात पाणी आणणाऱ्या पेशवेकालीन नळयोजनेच्या कारागिरांनाही माहीत होते. तिच्या मार्गावरील उच्छ्वासांचे एक काम हवेला वाट देणे हेच होते.

छंदाला चालना मिळाली ती कायद्यातील बदलांमुळे. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरी बिअर करण्यासाठी परवाना लागत असे. तो १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी रद्द केला. अमेरिकेत १९३३ मध्ये दारूबंदी उठली, तरी घरगुती बिअरला केंद्रीय कायद्याची मोकळीक मिळण्यास १९७८ उजाडले. अध्यक्ष जिमी कार्टर यांची त्या कायद्यावर सही झाली आणि एका घराला वर्षाला कमाल २०० गॅलनची मुभा मिळाली.

त्या सुरुवातीच्या काळात दुसऱ्या भांड्यात बिअर घेणे जवळजवळ अनिवार्य मानले जाई. यामागे दोन गोष्टी होत्या. थंडीत महिनोन्‌महिने मुरवल्या जाणाऱ्या लागर बिअरच्या कारखान्यांत ती जुन्या यीस्टवरून काढून वेगळ्या पिंपांत ठेवण्याची पद्धत होती, आणि छंदिष्टांनी ती उचलली. शिवाय तेव्हा मिळणारे सुके यीस्ट बऱ्याचदा जुने आणि दुबळे असे. मेलेल्या पेशी तळाशी विरघळू लागल्या की बिअरला मांसाच्या रश्श्यासारखा किंवा रबरासारखा वास येतो, ही भीती खरी होती. नळी तोंडाने ओढण्याची सवय मात्र तेव्हाही घातक होती. परक्या सूक्ष्मजीवांमुळे बिअर बिघडते, हे पाश्चरने १८७६ मध्येच विस्ताराने दाखवले होते, आणि आपल्या तोंडात आंबटपणा आणणाऱ्या जिवाणूंची कमतरता नसते. पुढे नळीत निर्जंतुक पाणी भरून धार सुरू करण्याची पद्धत आली, आणि नंतर दट्ट्याचा ऑटो-सायफन आला. रॉकेलचा पत्र्याचा पंप हाताळलेल्या माणसाला तो नवा वाटणार नाही. त्याच्या तळाशी बसवलेले लहान टोपण नळीचे तोंड साक्याच्या जरा वर धरते.

आता यीस्ट सुधारले, आणि साध्या एल बिअरसाठी, म्हणजे लागरपेक्षा उबदार तापमानात आंबवल्या जाणाऱ्या बिअरसाठी, दुसऱ्या भांड्याचा आग्रह बराच मावळला. धोक्याची जागा साक्याकडून हवेकडे सरकली. किण्वन झालेल्या बिअरला प्राणवायू लागला की काही आठवड्यांत ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते, आणि भांडे बदलणे ही त्या प्राणवायूला मिळणारी आयती संधी असते. म्हणून आजचा जाणकार नळी पुढच्या भांड्याच्या तळापर्यंत सोडतो, धार वरून पडू देत नाही आणि शक्य असेल तर ते भांडे आधी कार्बन डायऑक्साइडने भरून घेतो. मला हा बदल रास्त वाटतो, तरी पुण्यापुरती एक पुरवणी जोडावी लागेल. एल यीस्टला साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअस मानवते, आणि एप्रिलमध्ये येथे पारा ३८-४० पर्यंत चढतो. उष्णतेत मेलेल्या पेशी लवकर विरघळतात, त्यामुळे साक्याची जुनी भीती थंड प्रदेशात फोल ठरली तरी येथे तितकी फोल नाही.

अर्थात पुण्यात हा विचार बहुतांशी पुस्तकीच राहतो. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने परवान्याविना मद्यनिर्मितीस मनाई केली, आणि नाव बदलून तोच कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे. घरच्या स्वयंपाकघरात बिअर करण्याला त्यात सूट नाही. त्यामुळे पुणेकराला ही क्रिया पाहायची झाल्यास तो परवानाधारक मायक्रोब्रुअरीकडे, म्हणजे बिअरच्या छोट्या कारखान्याकडे, वळतो. डुलाली ही अशी मायक्रोब्रुअरी पुण्यात २००९ मध्ये सुरू झाली. मात्र अशा ठिकाणी त्याला सायफन सहसा दिसणार नाही. तेथील पोलादी टाक्यांचा तळ निमुळता असतो, म्हणून बिअर वरून उचलण्याऐवजी साकाच खालच्या झडपेतून सोडून दिला जातो, आणि उरलेली बिअर बंद नळ्यांतून कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने पुढच्या टाकीत ढकलली जाते.