युनिकोड हा फॉन्ट नाहीये, आणि फ्लेक्सवरची जोडाक्षरं का तुटतात

"मजकूर युनिकोड फॉन्टमध्ये पाठवा" हे वाक्य डीटीपीच्या दुकानात, शाळेच्या ऑफिसात, ग्रामपंचायतीत, सगळीकडे रोज म्हटलं जातं आणि ते सपशेल चुकीचं आहे. युनिकोड हा फॉन्ट नाही. युनिकोड म्हणजे नंबरांची यादी, कुठल्या अक्षराला कोणता नंबर एवढंच त्यात ठरलेलं असतं, अक्षर दिसायला कसं असेल त्याच्याशी त्याचा संबंध नाही. दिसणं ठरवतो फॉन्ट. आणि या दोघांच्या मधे तिसराच एक प्रकार असतो ज्याचं नावही कुणी घेत नाही, त्याला शेपिंग इंजिन म्हणतात, आणि मराठी टायपोग्राफीतली निम्मी गंमत आणि निम्मी भांडणं तिथेच आहेत. हा लेख मुख्यतः त्याच्याबद्दल आहे.

आधी जुन्या फॉन्टचं थोडक्यात. शिवाजी, कृतीदेव वगैरे फॉन्टमध्ये आयडिया अशी होती की कॉम्प्युटरला वाटतं आपण इंग्रजी लिहितोय, पण त्या इंग्रजी अक्षरांच्या जागी फॉन्टवाल्याने देवनागरीचे तुकडे बसवलेले. कृतीदेवमध्ये थ असा एका बटणावर नसतोच, अर्धा थ मारायचा आणि पुढे काना मारायचा, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करायची कारण ती डोळ्याला आधी दिसते. म्हणजे टाइप करणाराच हाताने अक्षर जुळवतो, जुन्या छापखान्यातल्या खिळेजुळणीसारखं. त्यामुळे फॉन्ट बदलला की अख्खा मजकूर अगम्य इंग्रजी होतो, आणि गूगलवर शोधायला गेलात तर तो मराठी म्हणून सापडतच नाही.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली आणि त्यात देवनागरीला १२८ जागांचा एक ब्लॉक मिळाला, आपल्याकडच्या १९८८ च्या इस्की या मानकाच्या धर्तीवर. बघा, १२८ जागा. त्यात स्वर, व्यंजनं, काना-मात्रा, आकडे सगळं आलं पण जोडाक्षर एकही नाही. त्य नाही, क्ष नाही, ज्ञ सुद्धा नाही. मग ती स्क्रीनवर येतात कुठून?

आता "आर्थिक" हा एकच शब्द घेऊ. मेमरीत याचे सहा नंबर असतात: २३१० (आ), २३५२ (र), २३८१ (हलन्ताचं चिन्ह), २३४१ (थ), २३६७ (पहिली वेलांटी), २३२५ (क). हा क्रम उच्चाराचा आहे, आपण बोलतो तसा. पण स्क्रीनवर काय दिसतं ते नीट बघा. मधल्या "र्थि" मध्ये उच्चारात सगळ्यात आधी येणारा र सगळ्यात शेवटी जाऊन रफार म्हणून डोक्यावर बसतो, आणि उच्चारात सगळ्यात शेवटी येणारी वेलांटी उडी मारून थ च्या आधी येते. म्हणजे जे साठवलंय ते बरोब्बर उलटं दिसतं! हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा जो आनंद झाला तो अजून ओसरलेला नाही.

ही उलटापालट शेपिंग इंजिन करतं. त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं इंजिन म्हणजे हार्फबझ, ते क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड सगळीकडे आहे आणि फुकट, मुक्त स्रोत आहे. ते आधी नंबरांची माळ अक्षरसमूहांत तोडतं, आ, र्थि, क अशी. मग प्रत्येक समूहातलं मुख्य व्यंजन शोधतं, इथे थ. सुरुवातीला र आणि हलन्त आहे म्हणजे हा रफार, त्याला बाजूला काढतं. वेलांटी उचलून थ च्या आधी आणतं. आणि मग फॉन्टला विचारतं, बाबा तुझ्याकडे काय काय आकार आहेत?

इथे फॉन्टच्या पोटातले दोन तक्ते कामाला येतात, जीसब आणि जीपॉस. जीसब म्हणजे अदलाबदलीचे नियम: "र आणि हलन्त दिसलं की त्या दोघांऐवजी रफाराचा आकार घे", "त, हलन्त आणि पुढे व्यंजन असेल तर अर्धा त घे". हे नियम ठरलेल्या क्रमाने चालवतात आणि तो क्रम चुकला की संपलं. क्ष आणि ज्ञ यांचे नियम अर्ध्या अक्षरांच्या नियमाआधी चालतात, कारण उलटं केलं तर क आधीच अर्धा होऊन बसेल आणि क्ष कधी तयारच होणार नाही. सगळ्यात जास्त नियम लागतात र ला: रफार वेगळा, प्र मधली तिरकी रेघ वेगळी, ट्र मधली खालची टोपी वेगळी, आणि मराठीचा खास "ऱ्य" वेगळा. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, हिंदीपुरता बनवलेला फॉन्ट असेल तर दुसऱ्यात हमखास गोंधळ घालतो. चांगले फॉन्टवाले पहिल्या वेलांटीचे सुद्धा अनेक आकार काढून ठेवतात, अरुंद अक्षराला छोटी कमान, रुंद अक्षराला मोठी, म्हणजे कमानीचं टोक बरोबर अक्षराच्या दांड्यापर्यंत पोचतं.

जीपॉस म्हणजे जागेचे नियम. प्रत्येक अक्षरावर न दिसणारे अँकर बिंदू असतात, मात्रा, अनुस्वार, रफार यांच्यावरही असतात, आणि टिचबटणाचे दोन भाग जुळतात तसे ते जुळवले जातात. म्हणूनच थ वरचा रफार आणि ट वरचा रफार वेगवेगळ्या जागी बसतो तरी दोन्ही ठिकाणी शोभतो. एखाद्या फॉन्टमध्ये "सर्वांत" मधला अनुस्वार रफाराला चिकटून नुसता ठिपक्यांचा गोळा दिसत असेल तर समजायचं की हे अँकर कुणीतरी घाईत टाकलेत.

आता फ्लेक्सवर जोडाक्षर का तुटतं ते आपोआप कळेल. फॉन्ट चांगला असतो, मजकूर युनिकोडच असतो, फक्त डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये शेपिंग बंद असतं, मग वेलांटी नको तिकडे जाते, हलन्त पाय मोडल्यासारखा लटकतो आणि "उद्घाटन" चा चुराडा होतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात वर्ल्ड-रेडी लेआउट निवडायचा, इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर, इलस्ट्रेटरमध्ये इंडिक ऑप्शन्स चालू करायचे, एवढंच. एवढ्यासाठी लोक अजून मजकूर जुन्या फॉन्टमध्ये कन्व्हर्ट करत बसतात, वाईट वाटतं. पीडीएफमधून मराठी कॉपी केलं की "आर्थिक" चं "आथक" होतं तेही यातूनच, पीडीएफमध्ये बहुतेक वेळा शेपिंग झाल्यानंतरचे आकार असतात आणि रफाराच्या आकाराला युनिकोडच्या यादीत स्वतःचा नंबरच नसल्यामुळे परतीचा रस्ता, म्हणजे कुठला आकार कुठल्या नंबरांचा, नीट लिहून ठेवला नसेल तर रफार हरवतो.

फॉन्ट निवडताना पहिली गोष्ट, त्यात देवनागरी आहे का ते बघा. मोन्सेरात खूप आवडतो म्हणून लावला तर त्यात देवनागरी नाही, मग ब्राउझर जे हाताशी आहे ते वापरतो, विंडोजवर निर्मला, मॅकवर कोहिनूर, अँड्रॉइडवर नोटो, म्हणजे तुमचं एकच डिझाइन तीन जागी तीन तऱ्हेचं. फुकटात उत्तम फॉन्ट आहेत: मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता लांब मजकुराला छान, हिंद आणि पॉपिन्स इंडियन टाइप फाउंड्रीचे, आणि तिरो देवनागरीची तर मराठीसाठी वेगळी आवृत्तीच आहे, ज्यात आपल्या वळणाचा पाकळीवाला ल आणि देठवाला श मिळतो. यात्रा वन हा मुंबईतल्या रेल्वेच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला, मोदक तर इतका जाडजूड की आतल्या पोकळ्या जवळपास मिटतात, हे दोन्ही फक्त मोठ्या शीर्षकाला वापरा, परिच्छेदाला लावू नका, प्लीज.

सेरिफ (रेघांच्या टोकांना छोटे पाय असलेला फॉन्ट) म्हणजे भरवशाचा आणि सॅन्स (असे पाय नसलेला) म्हणजे मॉडर्न असे तक्ते इन्स्टाग्रामवर फिरतात, ते रोमन लिपीचे आहेत. देवनागरीचा बोरू रोमनच्या उलट्या बाजूला तिरका कापतात, त्यामुळे जाड-बारीक रेघांच्या जागाच वेगळ्या आणि आपल्याकडे फरक करायचा तर तो जाड-बारीकपणाचा करावा लागतो. आणि लोगोतल्या शेवटच्या अक्षराची रेघ खाली उतरली तर धंदा बसतो, सही वर चढती ठेवा म्हणजे पैसा टिकतो असं सांगून फी घेणारे जे लोक आहेत त्यांच्याकडे याचा काडीचाही पुरावा नाही. त्या पैशात एका चांगल्या फॉन्टचं लायसन्स येतं.

मांडणीत इंग्रजीच्या सवयी सगळ्यात जास्त नडतात. अक्षरांमधलं अंतर, म्हणजे लेटरस्पेसिंग, वाढवलं की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात, म्हणून मराठीला ते शून्यच ठेवा. ओळींमधलं अंतर इंग्रजीत १.२ पट चालून जातं, आपल्याला वर रफार-मात्रा आणि खाली उकार यांना जागा लागते म्हणून मी १.६ च्या आसपास ठेवते. शिवाय त्याच पॉइंट साइझला देवनागरी लहान दिसते, तर शेजारी इंग्रजी असेल तर मराठी थोडी मोठी करा. इटॅलिक टाळा, बहुतेक फॉन्टमध्ये ते नसतंच आणि ब्राउझर उभं अक्षर नुसतं ढकलून तिरकं करतो. बोल्ड फाइल नसताना बोल्ड मागितलं तरी तसंच, रेघा नुसत्या फुगवल्या जातात आणि ष्ट्य सारख्या दाटीच्या अक्षरात काळा डाग उरतो. वेबपेज असेल तर कोडमध्ये पानाची भाषा मराठी असं नक्की लिहा, काही फॉन्ट ते वाचून ल आणि श चं मराठी वळण आपणहून देतात.

आणि कुठलाही नवा फॉन्ट घेण्याआधी त्यात हे टाइप करून बघा: दऱ्याखोऱ्यांतून, वाङ्मय, उद्घाटन, वैशिष्ट्यं, हृदय, रुपया, राष्ट्रीय, सर्वांत. मोठ्या साइझला नको, मोबाइलच्या साइझलाच बघा, आणि ङ्म तुटतोय का, हृ ओळखू येतोय का, रु चा उकार र च्या कमरेला नीट लागलाय का, वरचा अनुस्वार वेगळा दिसतोय का एवढं तपासा.