जुने बॅकअप ड्राइव्ह व जुन्या ऑपरेटिंग सिस्टिम : नव्या संगणकावरील वापर

विंडोज ९८ किंवा एक्सपीच्या काळातल्या हार्ड डिस्क आजच्या संगणकाला जोडून त्यांतली माहिती वाचणे, आणि गरज पडल्यास ती जुनी सिस्टिमच आभासी यंत्रात (प्रोग्रॅमने नव्या संगणकाच्या आत उभ्या केलेल्या संगणकात) पुन्हा चालवणे. गोव्यात हे काम जास्त करून डीटीपी केंद्रे, छापखाने, देवस्थान समित्या आणि हौशी नाट्यमंडळे यांना पडते. जत्रेतल्या नाटकांच्या संहिता, उत्सवांच्या पत्रिका, शाळांच्या स्मरणिका असे बरेच साहित्य पेजमेकर या पाने मांडण्याच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये आणि श्रीलिपी, आकृती यांसारख्या युनिकोडपूर्व (आजचे समान अक्षरसंकेत येण्याआधीच्या) फाँटांत जुळवलेले आहे. अशा वेळी नुसती फाइल हाती आली म्हणून भागत नाही. तो फाँट, तो प्रोग्रॅम आणि पुष्कळदा ती सिस्टिमही लागते. म्हणून सुट्या फाइल उचलत बसण्यापेक्षा आख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे एकाच फाइलमधली हुबेहूब प्रत, आधी काढावी.

जोडणी : २००३च्या आसपास साटा ही नवी जोडणी येईपर्यंत डिस्क बहुतेक आयडीई या जुन्या प्रकारच्या असत. साडेतीन इंची आयडीई डिस्कला ४० पिनांची रुंद पट्टी आणि चार पिनांचा मोलेक्स वीजपुरवठा लागतो. तिची जंपर (दोन पिना जोडणारे छोटे टोपण) ‘मास्टर’वर ठेवावी. यूएसबीवर चालणारा आयडीई-साटा अडॅप्टर घेताना त्याबरोबर १२ व्होल्ट, २ अँपिअरचा वेगळा पुरवठा आहे ना, हे पाहावे. साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीवर फिरत नाही. अडीच इंची लॅपटॉप डिस्कला ५ व्होल्ट पुरतात, पण यूएसबी २.० पोर्ट प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअरच देतो. तेवढ्यावर जुनी डिस्क सुरू होताना अडखळते आणि बिघडल्यासारखी वाटते.

लॅपटॉपच्या आयडीई डिस्कवर ४४ पिना असतात. थोडी जागा सोडून शेजारीच जंपरच्या चार पिना येतात. सॉकेट एका ओळीने सरकून बसला तर ५ व्होल्ट भलत्याच पिनेवर जाऊन डिस्कचे सर्किट जळू शकते. ओळीत मुद्दाम गाळलेली एक पिन असते. सॉकेटचे बुजवलेले भोक नेमके तिच्यासमोर आणावे आणि मगच दाबावे.

यूएसबीने जोडायच्या बाहेरच्या पेटीतली डिस्क पेटी उघडून थेट साटावर लावली की कधीकधी मोकळी दिसते. काही पेट्यांतला पूल-चिप (डिस्क आणि यूएसबी यांना जोडणारा) माहिती कूटबद्ध करून लिहितो, तर काहींतला सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या माहितीच्या कप्प्याचा, आकार बदलून दाखवतो. माहिती गेलेली नसते. ती त्याच पेटीतून वाचावी लागते.

दमट हवा : कोकणपट्टीत डिस्क खराब होते ती बहुधा कपाटात पडून असतानाच. पावसाळ्यातला ओलावा आणि किनाऱ्याकडचा खारा वारा पिनांवर हिरवट थर चढवतात. सर्किटबोर्डाच्या आतल्या बाजूला माहिती वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या डोक्यांकडे आणि मोटरकडे जाणारे धातूचे ठिपके असतात; तेही काळवंडतात. टी६ किंवा टी८ टॉर्क्स स्क्रूड्रायव्हरने फक्त बोर्ड उतरवून ते ठिपके खोडरबराने घासावेत, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत आणि पूर्ण सुकू द्यावेत. एवढ्याने ‘मेलेली’ डिस्क कधीकधी पुन्हा दिसू लागते. माहिती साठवणाऱ्या तबकड्यांवरचे झाकण मात्र काढू नये. वातानुकूलित खोलीतून बाहेर आणलेल्या थंड डिस्कवर दव धरते, म्हणून तासभर तरी तिला वीज देऊ नये. टकटक आवाज येऊ लागला तर वीज ताबडतोब तोडावी. प्रत्येक पुढच्या प्रयत्नात तबकडी आणखी ओरखडली जाऊ शकते.

इमेज : डिस्क जोडताच विंडोज ११ ‘ड्राइव्ह फॉरमॅट करायचा का’ असे विचारते तेव्हा ‘नाही’च म्हणावे. मॅकची एचएफएस प्लस किंवा लिनक्सची ईएक्सटी मांडणी विंडोजला आपणहून वाचता येत नाही, म्हणून हा प्रश्न येतो. डिस्क ठणठणीत असू शकते. सर्वांत सुरक्षित वाट म्हणजे संगणक लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून सुरू करणे, डिस्क माउंट न करणे (म्हणजे फाइल उघडण्यासाठी सिस्टिमला न जोडणे) आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने तिची इमेज दुसऱ्या डिस्कवर उतरवणे. पहिल्या फेरीत चांगला भाग घ्यावा, खराब सेक्टर दुसऱ्या फेरीसाठी ठेवावेत. कोणता भाग वाचून झाला याची नोंद ठेवणारी मॅप फाइल न विसरता द्यावी. वीज गेली तरी तिच्यामुळे काम थांबले तिथूनच पुढे सुरू होते, आणि जून-जुलैत गोव्यात वीज जातेच. निरोगी ८० जीबी डिस्कला यूएसबी २.० वरून पाऊण ते एक तास लागतो. खराब डिस्कला दिवस लागू शकतात. इमेज ठेवायची डिस्क एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ असावी, कारण एफएटी३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

जुने वापरकर्ता-फोल्डर उघडताना ‘प्रवेश नाकारला’ असे आले तर फोल्डरची मालकी स्वतःकडे घ्यावी, पण हे काम प्रतीवरच करावे. नाव हिरव्या अक्षरांत दिसणाऱ्या फाइल विंडोजच्या ईएफएस या सोयीने कूटबद्ध असतात. मालकी बदलून त्या उघडत नाहीत. मूळ खात्याचे प्रमाणपत्र लागते.

जुनी सिस्टिम : एक्सपी नव्या संगणकावर थेट बसवण्याचा खटाटोप करू नये. तिला यूईएफआय (नव्या संगणकाची सुरू होण्याची पद्धत) कळत नाही, आणि साटा डिस्कसाठी लागणारा एएचसीआय चालक (ड्रायव्हर) तिच्यात मुळात नसल्याने निळा पडदा व शेवटी ७बी असलेला त्रुटिक्रमांक दिसतो. व्हर्च्युअलबॉक्स या आभासी यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये इमेज त्याच्या व्हीडीआय या डिस्क-फाइलमध्ये बदलून ती आयडीई कंट्रोलरला जोडावी आणि १ जीबी रॅम द्यावी. विंडोज ९८ला २५६ एमबी पुरते. ५१२ एमबीच्या वर दिल्यास ती कोसळू शकते. एक्सपीला यंत्र बदलल्याचे कळते आणि ती पुन्हा सक्रियन (अ‍ॅक्टिव्हेशन) मागते. एक्सपीच्या एनटीबॅकअपने केलेल्या बीकेएफ फाइलही याच यंत्रात त्याच प्रोग्रॅमने सुटतात. फाँट-पॅकेजचे डोंगल (ते चालवण्यासाठी जोडावी लागणारी परवान्याची किल्ली) यूएसबीचे असेल तर आभासी यंत्राकडे सोपवता येते. प्रिंटर पोर्टचे असेल तर जुना संगणकच जपावा.

नेटवर्क बंदच ठेवावे. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. शिवाय तिचे फाइल शेअरिंग एसएमबी१ या जुन्या नेटवर्क-पद्धतीवर चालते, आणि फाइल ओलीस धरणारा वॉनाक्राय व्हायरस २०१७ मध्ये याच वाटेने पसरला. आभासी यंत्राला फाइल देण्यासाठी त्यांची आयएसओ (सीडीची इमेज) बनवून आभासी सीडी म्हणून लावावी.

मराठी मजकूर : पेजमेकरच्या फाइल इनडिझाइन सीएस६ पर्यंतच उघडतात. आभासी यंत्रात पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरवर ‘फाइलमध्ये छापा’ करून, ती फाइल बाहेरच्या संगणकावर घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमने पीडीएफ करणे जास्त भरवशाचे. पान हुबेहूब दिसते, पण त्यातला मजकूर कॉपी केला की इंग्रजी चिन्हांचा कचरा येतो. श्रीलिपी आणि आकृती एकाच संकेताला वेगवेगळी अक्षरे देतात, म्हणून युनिकोड परिवर्तक (जुन्या फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा प्रोग्रॅम) निवडण्यापूर्वी फाइलमधल्या फाँटचे नेमके नाव नोंदवून घ्यावे. जुन्या फाँटांत अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘कार्तिक’मध्ये पहिली वेलांटी ‘त’च्या आधी आणि रफार नंतर येतो, युनिकोडमध्ये आधी ‘र्’, मग ‘त’, मग वेलांटी. परिवर्तक चुकतो तो बहुधा याच जागी, त्यामुळे रफार आणि पहिली वेलांटी एकत्र आलेले शब्द छापील प्रतीशी ताडून पाहावेत.