सीझनच्या नवीन फेल्ट वस्तू: ऑर्डर देण्याआधी एवढं वाचाच

या सीझनला आम्ही फेल्टमध्ये तीन नवीन गोष्टी काढल्यात, टांगायची चांदणी, रंगीत गोळ्यांची माळ आणि एक गुबगुबीत पक्षी. फोटो बघून लगेच ऑर्डर द्यायचा मोह होतो, पण आधी हे वाचा म्हणजे नंतर "फोटोत तर वेगळी वाटली होती" असं व्हायला नको.

दुकानात पातळ रंगीत फेल्ट शीट मिळतात त्या बहुतेक अॅक्रिलिक नाहीतर पॉलिस्टरच्या असतात. आमचं फेल्ट मेंढीच्या लोकरीचं. लोकरीच्या प्रत्येक केसावर अगदी बारीक खवले असतात, त्याला गरम पाणी, साबण आणि भरपूर चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि मग काही केल्या सुटत नाहीत, हेच फेल्ट, ना विणकाम ना शिवण. लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात मशीनला लागला आणि बाहुलीच्या मापाचा होऊन बाहेर आला, असं ज्यांच्या घरी झालंय त्यांना वेगळं सांगायला नको. आम्ही तेच मुद्दाम करतो!

सगळ्यात जास्त चांदणीने छळलं. आमची लोकर साधारण 40 टक्के आटते, म्हणजे 15 सेंटीमीटरची चांदणी हवी तर सुरुवात 25 सेंटीमीटरपासून. तेवढं गणित जमतं हो, पण आटताना लोकर टोकं आत ओढून घेते आणि सगळं गोल करून टाकते, त्यामुळे पहिले नमुने चांदणी कमी आणि फुगलेला हातमोजा जास्त वाटत होते. शेवटी असं ठरलं की चांदणीचं अंग पाण्यात चोळून करायचं, पूर्ण वाळू द्यायचं आणि मग एकेक टोक सुईने टोचून काढायचं. या सुईला बारीक खाचा असतात, टोचलं की त्या खाचा लोकर आत ढकलतात. आकार द्यायला 36 नंबरची जाड सुई, शेवटी वरचा भाग गुळगुळीत करायला 40 ची बारीक सुई. पाच टोकं, दोन्ही बाजू, मोजा आता. हाताने होतं म्हणून दोन चांदण्यांत अर्धा-एक सेंटीमीटरचा फरक राहणारच, तो दोष धरू नका.

सुई कधीकधी आतच मोडते, म्हणून पॅक करायच्या आधी प्रत्येक नगावरून लोहचुंबक फिरवतो. सुया स्टीलच्या असल्याने तुकडा राहिलाच तर सापडतो.

माळेबद्दल एक कबुली. गेल्या सीझनला लाल-पांढऱ्या गोळ्यांच्या माळेत लाल रंग उतरला आणि पांढरे गोळे गुलाबी झाले, काही जणांनी माळा परत पाठवल्या आणि त्यांचं बरोबरच होतं. आता गडद रंगाचा प्रत्येक लॉट ओला करून पांढऱ्या कापडावर दाबून बघतो, डाग पडला की तो लॉट माळेत जात नाही. आणि माळ मेणबत्तीजवळ लावू नका, लोकर सहज पेटत नाही हे खरं, पण गोळे ओवलेत तो दोरा कॉटनचा आहे.

पक्षी आतूनही लोकरीचाच भरलाय, डोळे मण्यांचे न करता दोऱ्याने शिवलेत. तरी तो शोभेचाच आहे, 3 वर्षांखालच्या मुलांना खेळायला देऊ नका.

ऑर्डर लवकर मागतो त्याचं कारण वाळवण. वरून कोरडा वाटणारा गोळा आतून ओला असतो आणि तसाच पॅक केला तर कुबट वास येतो, त्यामुळे दोन दिवस तरी द्यावेच लागतात, दमट हवेत जास्त. घाई करून हीटरसमोर ठेवायचे प्रयोग करून झालेत, वेडेवाकडे वाळतात. 20 च्या वर नग किंवा तुमच्या पसंतीचा रंग हवा असेल तर निदान 6 आठवडे आधी कळवा, नंतर आलात तर तयार असेल त्यातूनच निवडावं लागेल.

सीझन संपला की वस्तू धुवायला टाकू नका, नुसत्या झटका, डाग असेल तर गार पाण्याच्या ओल्या फडक्याने हलकेच टिपा, चोळलंत तर परत आटेल. ठेवायच्या आधी पूर्ण कोरड्या आहेत ना बघा आणि झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवा, कारण लोकरीला कसर लागते. डांबरगोळी चालते पण तिचा वास पुढच्या सीझनपर्यंत जात नाही, म्हणून आम्ही स्वतः घट्ट डबाच वापरतो आणि मधूनमधून उघडून बघतो.